उरलेल्या एकोणीस खिडक्या

जर्मनीतल्या माइन्त्स शहरात, टेकडीवरच्या संत स्तेफन चर्चसमोर, पर्यटकांच्या बसगाड्या येऊन थांबतात. लोक आत शिरतात, वेदीमागच्या तीन उंच निळ्या खिडक्यांपुढे उभे राहतात, फोटो काढतात आणि बाजूच्या भिंतींकडे मान न वळवता परत जातात. त्या तीन खिडक्या मार्क शागाल यांच्या. माणसं शागाल यांच्यासाठीच आलेली असतात, त्यात वावगं काही नाही. पण या चर्चमध्ये शागाल यांच्या एकूण ९ खिडक्या आहेत, आणि उरलेल्या १९ आहेत शार्ल मार्क यांच्या. हे नाव बसमधल्या फार थोड्यांनी ऐकलेलं असतं. माझं मत असं की त्या १९ नसत्या, तर या ९ खिडक्यांचं निम्मं बळ गेलं असतं. का, ते सांगायला मागे जावं लागेल.

मी मूळची वसईची, आमच्याकडच्या बऱ्याच घरांसारखी पिढ्यान्‌पिढ्या कॅथलिक. पोट भरते ते काचेवर. माइन्त्स हे गुटेनबर्गचं गाव म्हणून शाळेत शिकलो तरी आज ते काचेचंही गाव आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी अमेरिकन सैन्यानं पूर्वेकडच्या येना शहरातले काचतज्ज्ञ पश्चिमेला आणले, आणि १९५२ मध्ये शॉट कंपनीचा मोठा कारखाना माइन्त्सला उभा राहिला. मी औषधांसाठी लागणाऱ्या काचेच्या नळ्या तपासते. नळीत बुडबुडा दिसला, धाग्यासारखी रेघ दिसली, न वितळलेला कण दिसला, की ती नळी बाद. काचेतून उजेड अडथळ्याविना, सरळ पलीकडे गेला पाहिजे, हे पाहण्याचंच मला वेतन मिळतं. रविवारी मी ज्या चर्चला मिस्सेला जाते तिथल्या काचेचं काम बरोबर उलट आहे. तिथे उजेड अडवायचा, गाळायचा, वळवायचा असतो. म्हणून या खिडक्यांकडे मी भक्तीनं पाहते तितकंच धंद्याच्या डोळ्यांनीही पाहते.

संत स्तेफन चर्चची स्थापना ९९० मध्ये आर्चबिशप विलिगिस यांनी केली. साम्राज्यासाठी प्रार्थना करण्याची जागा म्हणून त्यांनी ती बांधवली, आणि १०११ मध्ये त्यांना तिथेच पुरलं. आज उभी असलेली गॉथिक इमारत नंतरची, चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात पुरी झालेली. मधला भाग आणि बाजूचे भाग जवळपास सारख्याच उंचीचे असल्यामुळे आत शिरल्यावर एका मोठ्या दालनात आल्यासारखं वाटतं. काचेच्या दृष्टीनं ही गोष्ट महत्त्वाची, कारण बाजूच्या खिडक्याही उंच आहेत आणि त्यांचा उजेड थेट लोकांवर पडतो. नोव्हेंबर १८५७ मध्ये जवळच्या दारूगोळ्याच्या बुरुजाचा स्फोट झाला. शंभरावर माणसं गेली, चर्चची जुनी सजावटही गेली. मग महायुद्धातली बॉम्बफेक. २७ फेब्रुवारी १९४५ च्या हल्ल्यात शहराचा मध्यभाग जवळजवळ बेचिराख झाला. चर्चही त्या वर्षांत पुन्हा पुन्हा होरपळलं. दुरुस्ती झाली ती काटकसरीची: मधल्या दालनावर पूर्वीच्या दगडी कमानींच्या जागी सपाट लाकडी छत आलं, खिडक्यांना साध्या काचा लागल्या.

अशा चर्चमध्ये १९६५ साली क्लाउस मायर प्रमुख धर्मगुरू म्हणून आले. त्यांचा जन्म १९२३ चा. वडील ज्यू घराण्यातले, आई ख्रिस्ती. हिटलरच्या कायद्यात अशा मुलाला ‘अर्धा ज्यू’ म्हणत आणि त्या शिक्क्याखाली कधी काय होईल याचा नेम नसे. वडील देश सोडून गेले. मुलगा जर्मनीतच राहिला, जगला, आणि १९५० मध्ये धर्मगुरू झाला. त्या वर्षांवर त्यांनी पुढे एक पुस्तकही लिहिलं, आपण कसे वाचलो ते सांगणारं.

१९६५ हे साल आम्हा कॅथलिकांसाठी आणखी एका कारणानं मोठं. त्या ऑक्टोबरमध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं एक छोटा दस्तऐवज मंजूर केला. येशूच्या मृत्यूचा दोष सगळ्या ज्यूंवर, तेव्हाच्या किंवा आताच्या, टाकता येत नाही, हे त्यात चर्चनं अधिकृतपणे म्हटलं. शतकानुशतकं उलटं शिकवलं गेलं होतं आणि त्याचे परिणाम माइन्त्सनं पाहिले होते. १०९६ मध्ये पहिल्या क्रूसेडच्या टोळ्यांनी इथल्या ज्यूंची कत्तल केली, १९३८ च्या नोव्हेंबरात इथलं मुख्य सिनगॉग जाळलं गेलं. त्याच परिषदेमुळे वसईला आमची मिस्सा लॅटिनमधून मराठीत आली. माझ्या आईच्या तोंडी परिषदेचा उल्लेख येतो तो त्या संदर्भात. फादर मायर यांच्यासाठी परिषदेचा अर्थ फार जवळचा, घरातला असणार, असं मला नेहमी वाटतं.

एप्रिल १९७३ मध्ये त्यांनी शागाल यांना पत्र लिहिलं: आमच्या चर्चला खिडक्या कराल का?

हे धाडस किती मोठं होतं ते समजायला शागाल कोण होते हे पाहावं लागतं. १८८७ मध्ये आजच्या बेलारूसमधल्या व्हितेब्स्कला एका गरीब, धार्मिक ज्यू कुटुंबात जन्म. पुढे पॅरिस. विसाव्या शतकातल्या सर्वांत नावाजलेल्या चित्रकारांपैकी एक. त्यांचं ‘रब्बी’ हे चित्र माइन्त्सपासून फार दूर नसलेल्या मानहाइम शहराच्या कलासंग्रहालयानं १९२८ मध्ये विकत घेतलं होतं. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आल्यावर तेच चित्र शहरातल्या एका दुकानाच्या काचेआड लावलं गेलं. कर भरणाऱ्यांनो, तुमचा पैसा कुठे गेला ते पाहा, अशा अर्थाची पाटी सोबत होती. १९३७ मध्ये म्युनिकच्या ‘अधःपतित कला’ प्रदर्शनात शागाल यांची चित्रं टिंगलीसाठी टांगली. १९४१ मध्ये त्यांना फ्रान्समधून अमेरिकेला पळावं लागलं. व्हितेब्स्कचं त्यांच्या लहानपणीचं ज्यू जग जर्मन सैन्यानं नाहीसं केलं. अशा माणसाला एका जर्मन कॅथलिक धर्मग्रामाचे फादर पत्र लिहीत होते, आणि शागाल वयाच्या ८६ व्या वर्षाकडे झुकलेले होते.

होकार लगेच आला नाही. पत्रं गेली, फादर मायर दक्षिण फ्रान्समध्ये साँ-पोल-द-व्हाँसला जाऊन त्यांना भेटले, पुन्हा पत्रं गेली. खिडक्यांमागचा हेतू त्यांनी स्पष्ट मांडला होता: ज्यू आणि ख्रिस्ती यांचं मूळ एक आहे याची खूण, जर्मनी आणि फ्रान्सच्या मैत्रीची खूण, शांततेची खूण. शेवटी शागाल तयार झाले. जर्मनीतलं हे एकच चर्च ज्याला त्यांनी खिडक्या दिल्या. माइन्त्सनं १९८१ मध्ये त्यांना मानद नागरिकत्व दिलं, पण ते स्वतः या शहरात कधी आले नाहीत. त्या न येण्याचं मला कधी नवल वाटलेलं नाही. खिडक्या पाठवल्या, हेच पुष्कळ.

मात्र खिडकी चित्रकार एकटा करू शकत नाही. इथे शार्ल मार्क येतात. दोन नावांत ‘मार्क’ आल्यानं घोटाळा होतो, म्हणून चित्रकाराला मी शागालच म्हणते आणि काच-कारागिराला शार्ल मार्क.

शार्ल मार्क यांचाही जन्म १९२३ चा. फादर मायर यांच्याच वयाचे. त्यांची पत्नी ब्रिजित सिमाँ ही फ्रान्समधल्या रँस शहरातल्या सिमाँ घराण्यातली. या घराण्याची काचकामाची परंपरा सतराव्या शतकापासूनची. रँसचं कॅथीड्रल म्हणजे फ्रान्सच्या राजांच्या राज्याभिषेकाची जागा. सप्टेंबर १९१४ मध्ये जर्मन तोफांनी त्यावर मारा केला, छत जळालं, तेराव्या शतकातल्या काचांचा चुरा झाला. उरलेली काच उतरवून वाचवण्याचं आणि पुढे अनेक वर्षं ती पुन्हा जुळवत बसण्याचं काम ब्रिजित यांचे वडील जाक सिमाँ यांनी केलं. त्याच रँसमध्ये ७ मे १९४५ ला जर्मनीनं शरणागतीवर सही केली, आणि जुलै १९६२ मध्ये त्याच कॅथीड्रलमध्ये फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल आणि जर्मनीचे चान्सलर आडेनाउअर शेजारी उभे राहून मिस्सेत सहभागी झाले. जर्मन गोळ्यांनी फुटलेली काच वेचणाऱ्या घरातून जर्मन चर्चसाठी काच निघाली. शागाल यांची कहाणी सगळे सांगतात. ही दुसरी कहाणी मला तितकीच मोलाची वाटते.

शागाल आणि शार्ल मार्क यांची जोडी १९५० च्या दशकाच्या अखेरीस मेस शहराच्या कॅथीड्रलच्या कामात जमली. मग जेरुसलेमच्या हदासा रुग्णालयातल्या सिनगॉगसाठी बारा खिडक्या, न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रसंघाच्या इमारतीत एक, झ्युरिचला फ्राउम्युन्स्टरमध्ये, रँसला स्वतःच्याच कॅथीड्रलमध्ये. माइन्त्सची वेळ आली तेव्हा दोघांना एकमेकांचा हात वीस वर्षं ठाऊक होता.

हे काम कसं चालतं ते आता सांगते, कारण या भागावर माझा जीव आहे.

जुन्या पद्धतीत प्रत्येक रंगाची काच वेगळी. काच वितळवताना तिच्यात धातूची भस्मं घालतात: कोबाल्टनं निळा, मँगनीजनं जांभळा, तांबं किंवा सोनं घालून लाल. कोबाल्ट इतका जोरकस की वजनानं शंभरात एक भागही लागत नाही. मग तुकडे कापायचे, शिशाच्या पट्टीच्या दोन्ही बाजूंच्या खाचांत बसवायचे, सांधे डाखायचे. म्हणजे रंग बदलला की मध्ये शिशाची काळी रेघ आलीच. मध्ययुगातल्या कारागिरांनी या रेघेला चित्राचाच भाग केला, आणि त्यात त्यांचं कसब आहे. शागाल यांच्या चित्रात मात्र रंग एकमेकांत विरघळतात, निळ्यातून हिरवा उगवतो, घोड्याचं अंग अर्ध्यात लाल होतं. तिथे प्रत्येक बदलाला रेघ ओढली तर चित्र तुकड्यातुकड्यांचं झालं असतं.

शार्ल मार्क यांनी यावर जे उत्तर वापरलं ते आहे थर दिलेली काच. फुंकणारा कारागीर नळीच्या टोकावर आधी एका रंगाचा गोळा घेतो, मग तो दुसऱ्या रंगाच्या किंवा साध्या काचेत बुडवतो आणि फुगवतो. त्याचा लांबट फुगा होतो, त्याची टोकं कापतात, तो उभा चिरतात, भट्टीत तापवून सपाट करतात. हाती येतो एक तावदान, ज्याच्या एका अंगाला पातळसा रंगाचा थर असतो. आता त्या थरावर हायड्रोफ्लोरिक ॲसिड लावायचं. हे ॲसिड काच खातं. जिथे रंग ठेवायचा तिथे आधी लेप देऊन ती जागा झाकायची. ॲसिड किती वेळ राहिलं त्यावर थर किती उरतो ते ठरतं: गडद निळा, मधला निळा, फिका, आणि थर पुरा गेला तर खालची काच. एकाच तुकड्यात, शिशाच्या रेघेविना, इतक्या छटा. आमच्या कारखान्यातही या ॲसिडचं नाव निघालं की लोक आवाज गंभीर करतात. कातडीतून आत जाऊन ते हाडापर्यंत इजा करतं. रँसच्या त्या कार्यशाळेत ते वर्षानुवर्षं संयमानं हाताळलं गेलं, हे आठवलं की त्या मऊ निळ्या छटांकडे पाहताना माझा आदर वाढतो.

शेवटी शागाल यांचा स्वतःचा हात. कापलेली, कोरलेली काच कार्यशाळेत उभी करत, उजेडासमोर. शागाल येत आणि ग्रिझायनं रंगवत. ग्रिझाय म्हणजे लोखंडाच्या किंवा तांब्याच्या भस्माची आणि काचेची बारीक पूड, पातळ कालवलेली. ब्रशनं लावायची, बोटानं पुसायची, काडीनं ओरखडायची. मग तावदानं भट्टीत जातात, सहाशे अंशांवर पूड वितळून काचेला कायमची चिकटते. हा रंग नाही, सावली आहे. उजेड कुठे थांबावा ते ती ठरवते. माइन्त्सच्या खिडक्यांत जवळ जाऊन पाहिलंत तर डोळे, पंख, बोटं या सगळ्या रेषा ग्रिझायच्या आहेत आणि त्या नव्वदी ओलांडलेल्या माणसाच्या हातच्या आहेत.

फुंकलेल्या काचेत बुडबुडे असतात, जाडी कुठे दोन मिलिमीटर, कुठे त्याच्या दुप्पट. मी ज्याला दोष म्हणून बाद करते तेच इथे हवं असतं. प्रत्येक बुडबुडा किरणाला थोडं वळवतो आणि खिडकी जिवंत वाटते. (जुनी काच तळाशी जाड असते कारण ती शतकानुशतकं खाली वाहते, असं बरेच जण सांगतात. ते खरं नाही. खोलीच्या तापमानाला काच वाहत नाही. फुंकून केलेली काच मुळातच असमान असते.)

पहिली खिडकी सप्टेंबर १९७८ मध्ये बसली, पूर्वेकडच्या वेदीमागे मधोमध. शागाल तेव्हा ९१ वर्षांचे होते. तिच्यात आहेत अब्राहाम आणि त्याच्याकडे पाहुणे म्हणून आलेले तीन देवदूत, इसहाकाचं बलिदान, याकोबाचं शिडीचं स्वप्न, नियमशास्त्राच्या पाट्या घेतलेला मोशे. म्हणजे चर्चच्या सर्वांत मानाच्या जागी, जिथे येशू किंवा संत स्तेफन असायला हवा असं आमच्यासारख्यांना सहज वाटेल, तिथे जुन्या कराराचे पूर्वज आहेत. ज्यू, ख्रिस्ती, मुसलमान, तिघेही अब्राहामाला आपला मानतात. शेजारच्या दोन खिडक्या १९७९ मध्ये आल्या. त्यांच्यात बालकासह मरिया आहे, क्रूसावरचा येशू आहे, पण त्याच मोठ्या गोष्टीत मिसळलेले, एका अंगाला. १९८१ मध्ये आणखी तीन. शेवटच्या तीन, चर्चच्या आडव्या भागातल्या, १९८५ च्या. त्या वर्षी २८ मार्चला शागाल गेले, वयाच्या ९७ व्या वर्षी.

आई वसईहून आली होती तेव्हा तिला मी इथे आणलं. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, “बाय, या उजेडात गीतांचं पुस्तक वाचायचं कसं?” तिचा प्रश्न रास्त होता. आमच्या वसईच्या चर्चांत उजेड पांढरा, दरवाज्यांतून वारा, बाहेरची झाडं दिसतात. गोव्याच्या जुन्या चर्चांत खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्याच्या चपट्या चकत्या बसवत. त्यातून येणारा उजेड दुधाळ आणि शांत. मुंबईत कुलाब्याच्या अफगाण चर्चमध्ये किंवा राजाबाई टॉवरमध्ये रंगीत काच पाहिली असेल, तर तिथे खिडकी रंगीत आणि खोली साधी असा अनुभव येतो. संत स्तेफनमध्ये खोलीच निळी होते. माणसांचे हात निळे, धर्मगुरूंचा पांढरा झगा निळसर, आणि वेदीवरच्या मेणबत्तीची ज्योत नेहमीपेक्षा कितीतरी पिवळी.

आता मी सुरुवातीच्या म्हणण्याकडे येते. ही निळी खोली शागाल यांच्या ९ खिडक्यांनी होत नाही. होऊच शकत नाही. १९८५ मध्ये लांबलचक दालनाच्या बाकीच्या खिडक्या अजून साध्याच होत्या. ज्या दालनात पांढरा उजेड मोकळा येतो तिथे रंगीत काच मंदावते. डोळा सर्वांत उजळ वस्तूशी स्वतःला जुळवून घेतो, बाहुली आकसते, आणि गडद निळ्यातले बारकावे अंधारात जातात. दुपारी उघड्या दाराशेजारी टांगलेला रंगीत दिवा कसा निस्तेज दिसतो, तसंच. शागाल यांची खिडकी पुरती दिसायची तर तिच्या भोवतीचा सगळा उजेड तिला साजेसा करायला हवा. हे काम करायला शागाल नव्हते.

फादर मायर शार्ल मार्क यांच्याकडे गेले. १९८९ ते २००० या काळात शार्ल मार्क यांनी उरलेल्या १९ खिडक्या केल्या. त्यांच्यापुढे दोन वाटा होत्या. शागाल यांच्या आकृती त्यांना पाठ होत्या. अनेक दशकं त्यांनी त्याच रेषांसाठी काच निवडली होती. ते देवदूत, ते पक्षी, ते तरंगणारे प्रेमी त्यांनी काढले असते तर निम्म्या लोकांना फरक कळला नसता. त्यांनी तसं केलं नाही. त्यांच्या खिडक्यांत माणूस नाही, प्राणी नाही, गोष्ट नाही. निळ्याच्या छटा, शिशाच्या वळणदार रेघा, इतकंच. हा माझ्या मते या चर्चमधला सर्वांत सुंदर निर्णय आहे. आपल्याला काय येतं हे दाखवण्याऐवजी दुसऱ्याची खिडकी दिसावी म्हणून त्यांनी उजेड जुळवला, आणि हे करताना नकलेचा एक ठिपकाही ठेवला नाही.

काही जण त्यांना भरतीच्या खिडक्या म्हणतात. माझ्याच ओळखीतले एक धर्मग्रामस्थ, चर्चच्या गायनमंडळातले, असं म्हणाले तेव्हा मी त्यांना दुपारी चारच्या सुमाराला, हिवाळ्यात, पश्चिमेच्या टोकाला उभं केलं. संध्याकाळ होऊ लागली की माणसाच्या डोळ्याला लाल रंग आधी काळवंडतो आणि निळा शेवटपर्यंत टिकतो. चेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांनी एकोणिसाव्या शतकात हे नोंदवलं. बाहेर सूर्य उतरत होता. समोर, दूरच्या टोकाला, शागाल यांच्या आकृती एकेक करून मावळत गेल्या आणि अखेर सगळ्या खिडक्यांचा निळा एक झाला. ते म्हणाले, “आता कोणाची कुठली ते सांगता येत नाही.” मी म्हटलं, याच वेळेसाठी शार्ल मार्क यांनी दहा-अकरा वर्षं दिली.

फादर मायर १९९१ मध्ये प्रमुख धर्मगुरूच्या पदावरून निवृत्त झाले, खिडक्यांच्या कामातून नाही. या खिडक्यांवर त्यांनी पुस्तकं लिहिली, आणि अनेक वर्षं ते चर्चमध्ये लोकांना बसवून एकेका खिडकीवर मनन घेत. समोर शाळकरी मुलं असोत की परदेशी पाहुणे, ते पवित्र शास्त्रातून सुरुवात करत, चित्रकलेतून नाही. शार्ल मार्क २००६ मध्ये गेले. फादर मायर डिसेंबर २०२२ मध्ये, शंभरी गाठायला दोन महिने असताना.

आज हे चर्च स्मारक नसून चालू धर्मग्राम आहे, हे येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. रविवारी मिस्सा असते, बाप्तिस्मे होतात, अंत्यविधी होतात, २०१३ मध्ये नवा ऑर्गन आला आहे. मिस्सेच्या वेळी फिरून खिडक्या पाहता येत नाहीत आणि ते योग्यच आहे. काच मात्र वयात येते: बाहेरून ओल, धूर, शिशाचा थकवा. शिशाच्या पट्ट्या शे-दीडशे वर्षांत बदलाव्या लागतात, म्हणजे या खिडक्या उतरवून पुन्हा जुळवणारी माणसं अजून जन्मायची आहेत. त्यांना थर दिलेली, फुंकलेली काच मिळायला हवी, आणि ती करणाऱ्या भट्ट्या युरोपात आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरल्या आहेत. धंद्यात असल्यामुळे मला ही काळजी खरी वाटते.

कधी फ्रँकफर्टला आलात तर माइन्त्स रेल्वेनं अर्ध्या-पाऊण तासाच्या अंतरावर आहे. स्टेशनवरून टेकडी चढून जा, चढ चांगलाच आहे. शागाल यांच्या खिडक्या पूर्वेला आहेत, तेव्हा ऊन असलेली सकाळ त्यांना मानवते. पण आत गेल्यावर लगेच पुढे जाऊ नका. आधी पश्चिमेच्या टोकाला जा, डोळ्यांना त्या उजेडाची सवय होऊ द्या, मग भिंतीच्या कडेनं एकेक खिडकी पाहत, शार्ल मार्क यांच्या सगळ्या पाहून झाल्यावरच अब्राहामापाशी पोहोचा. निघताना शेजारच्या पंधराव्या शतकातल्या ओवऱ्यांतून एक फेरी मारा. तिथे काच नाही, बाहेरचा साधा उजेड आहे, आणि निळ्यातून आल्यावर तो वेगळाच दिसतो.